उसने डोळे

शेवटचा पेपर देऊन मुलं घरी आली, की चेन्नईच्या मैलापुरातल्या त्या गल्लीतल्या आया कपाळाला हात लावायच्या. आता जून उजाडेपर्यंत ही वानरसेना घरात! बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावली शोधतो. शहरात समर कॅम्प नावाचं नवं खूळ आलं होतं खरं, पण गल्लीत राहणारे सगळे बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले नोकरदार. असली खुळं त्यांच्या खिशाला झेपणारी नव्हती. या सगळ्या घरांना दर उन्हाळ्यात तारून नेणारा माणूस गल्लीच्या टोकाला राहायचा, आणि त्याला डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सेतुमाधव त्याचं नाव. पन्नाशीला आलेला, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. आवाज असा गोड, की तक्रार करायला फोन केलेला माणूस साहेबापर्यंत पोचायच्या आधीच निम्मा निवायचा. घराणं तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. पूर्वज भोसल्यांच्या दरबारी होते म्हणे. आता तंजावरचं प्रत्येकच मराठी घर हे सांगतं, तेव्हा दरबारात उभं राहायला जागा तरी होती की नाही, देव जाणे. सात वर्षांचा असताना सेतुमाधवला मोठा ताप आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. त्यावर रडत बसलेला मात्र त्याला कुणी पाहिला नाही.

संध्याकाळी बँकेतून यायचं, बायकोच्या, म्हणजे कनकाच्या हातची कॉफी घ्यायची, अंघोळ करून धुतलेला शर्ट चढवायचा आणि दारात उभं राहून हाक द्यायची, "आज डोळे कोण उसने देतें रे?" शेजारणी एकमेकींकडून वाटीभर साखर, चमचाभर विरजण उसनं नेतात, तसा हा तासाभरासाठी डोळे उसने मागायचा. हाक आली की मुलं उड्या टाकत यायची. त्या दिवशी ज्याची पाळी, त्याच्या खांद्यावर सेतुमामाचा हात. कुठे जायचं ते त्या मुलानं ठरवायचं आणि वाटेत जे दिसेल ते सांगायचं. नियम दोनच. एक, सांगायचं ते मराठीत. ही मुलं आपसात तमिळ बोलायची, शाळेत इंग्रजी. मराठी त्यांच्या तोंडी फक्त जेवताना यायची, त्यामुळे आईबाप या नियमावर बेहद्द खूश होते. दुसरा नियम जास्त कडक होता. 'छान' म्हणायचं नाही.

"फुलवाली बसली आहे, मामा. छान आहे," रेल्वेतल्या क्लार्कचा संकेत एकदा म्हणाला.

"छान हें दिसतें कोठें? काय नेसली आहे सांग. हात काय करतात तें सांग."

मग संकेतनं आयुष्यात पहिल्यांदाच त्या फुलवालीकडे नीट पाहिलं. तिची बोटं दोऱ्याला गाठ मारत होती आणि ती स्वतः भलतीकडेच बघत होती. मोगऱ्याच्या ढिगावर तिनं ओलं फडकं टाकलं होतं, आणि तिच्या अंगठ्याला केळीच्या सोपटाचा हिरवा डाग होता. हे सगळं रोज त्याच्या नाकासमोर होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मते ज्या शाळेत हे शिकवत नाहीत, तिची फी परत मागायला हरकत नाही.

पुढे पुढे रविवारी मुलांचे आईबापही मागं लागले. कधी सगळी वरात बसनं चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर जायची आणि मुलं वाळूत ओढून ठेवलेल्या होड्यांचे रंग मामाला सांगायची. कधी मैलापूरच्या नव्या उड्डाणरेल्वेच्या स्टेशनात. ते स्टेशन भलंमोठं आणि सदा ओकंबोकं. तिथे सेतुमामानं शोध लावला की जिन्याखाली उभं राहून हाक मारली की ती वरून परत येते. मग कारकून, मास्तर, त्यांच्या बायका, सगळे लाजलज्जा सोडून आपापल्या नावानं बोंबलायचे. रखवालदार धावत यायचा, बघतो तर काय, चांगले कपडे घातलेली माणसं! बिचारा परत फिरायचा.

या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात यायची नाही. मुलांना तो खेळ होता, सेतुमाधवचं सगळं जग त्यावर उभं होतं. आपण आकाश निळं म्हणतो ते बघून म्हणतो. त्याच्यासाठी कनकाच्या साडीचा रंग, देवळाचं गोपूर, समोरच्याचा चेहरा, हे सगळं कुणीतरी दिलेला शब्द होता. त्या शब्दावर भरवसा ठेवूनच तो रस्त्यावर पाऊल टाकायचा.

२००३ साली ऊर्मी गल्लीत आली. वडील विद्याधर बँकेत अधिकारी, साताऱ्याहून बदली झालेले. आई चारुलता सोलकढीच्या आठवणीनं हळवी होणारी आणि तमिळ ऐकून भांबावणारी. ऊर्मी तेव्हा आठ वर्षांची. नव्या शाळेत तिला भाषा कळेना, म्हणून तिनं बोलणंच बंद केलं होतं. चारुलतानं तिला सेतुमाधवकडे पाठवलं ते निव्वळ मराठी ऐकून. ती मराठीही कशी, तर बखरीतून उठून आलेली, वर तमिळ हेल. "ये ग पापा, भिऊं नको. आमचें घर तुझेंच," असं कुणी म्हटलं की हसावं की नमस्कार करावा, हे ऊर्मीला कळायचं नाही; 'पापा' म्हणजे तमिळमध्ये बाळ, हेही तिला मागाहून समजलं. पण ज्या माणसाला पाहिलेलं सगळं सांगावंच लागतं, त्याच्यापुढे गप्प कसं बसणार? त्या उन्हाळ्यात ऊर्मी बोलायला लागली ती थांबेचना. विजेच्या तारेवर किती प्रकारे पतंग अडकलेत, हेसुद्धा ती सांगायची. तिच्याइतके चोख डोळे आपल्याला कुणी दिले नाहीत, असं सेतुमाधव कनकाला सांगायचा.

एकदा तिनंच विचारलं, "मामा, तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीतरी आठवतं का हो?"

"एकच आठवतें. तंजावरास देवळाच्या तलावांत तेप्पम होता. म्हणजे तराफ्यावर देवाला बसवून पाण्यांत फिरवतात. बापाच्या खांद्यावर बसलों होतों. पाण्यांत दिवेच दिवे. वर एक, खालीं एक. दुसरे दिवशीं ताप आला. बाकी सगळें पुसलें, तेवढें राहिलें बघ."

घरी जाईपर्यंत ऊर्मीनं त्याचा हात खांद्यावर नुसता धरून ठेवला होता.

पुढचा उन्हाळा चेन्नईच्या लोकांना अजून आठवतो. पाऊस आदल्या वर्षीही दगा देऊन गेला होता. विहिरी आटल्या, नळ कोरडे ठणठणीत, गल्लीगल्लीत पाण्याच्या लॉऱ्या आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या घागरी. सुट्टी लागली, पहिली पाळी ऊर्मीची. ती त्याला मैलापूरच्या देवळाच्या तलावाकडे घेऊन गेली. दोघं रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून उभे राहिले. पलीकडे बस, रिक्षा, फेरीवाले यांचा गोंगाट.

"पाणी आहे कां ग? लोक सांगतात, सगळें आटलें."

तिनं कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. एवढ्यात बाजूला कुठेतरी धो धो पाणी पडल्याचा आवाज आला आणि ओल्या मातीचा वास सेतुमाधवच्या नाकात भरला.

"आहे, मामा," ऊर्मी म्हणाली. "भरलाय तलाव."

सेतुमाधव असा हरखला, जणू त्याच्या घरच्याच विहिरीला पाणी लागलं. त्या दिवसापासून ऊर्मीची पाळी आली की तलावच ठरलेला. बाकीची मुलं दुसरीकडे न्यायची, तलाव ऊर्मीचा. आज बदकं आलीत. आज मासा उडाला. आज मधल्या मंडपाची सावली पाण्यात हलतेय. घरी येऊन तो हे सगळं कनकाला सांगायचा. ती "शरी," म्हणजे "बरं," म्हणून भांडी आवरायला जायची.

बँकेत तर त्यानं दवंडीच पिटली. "गांवभर पाणी नाहीं, पण आमचा तलाव कसा, काठोकाठ!"

कॅशियर भीमसेन तंजावरकडचाच, त्याच्या बरोबरीचा. मनात काही नसताना बोलून गेला, "सेतू, थट्टा करतोस काय? त्या तलावांत माझा मुलगा रोज क्रिकेट खेळतो. गाळ काढायला फाटक उघडें ठेवलेंय ना! काल तिथेंच गुडघा फोडून आला."

टेबलाटेबलांवर हशा पिकला. हसणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं, पण सेतुमाधवच्या हातातला फोन क्षणभर तसाच राहिला. पाण्याचा आवाज, ओली माती... लॉरी! कोपऱ्यावर लॉरीतून पाणी सोडत होते आणि हा वेडा त्याला तलाव समजत होता.

घरी आला तो कॉफीही न घेता बसून राहिला. मग विचारलं, "तलाव कोरडा आहे, हें तुला ठाऊक होतें कां?"

कनका जिभेची तिखट बाई, पण त्या दिवशी तिचाही आवाज खाली आला. "होतें. तुमी इतक्या आनंदानें सांगत होता... माझ्यानें बोलवलें नाहीं."

"म्हणजे तूसुद्धां!" सेतुमाधव भडकला. "तुमी सगळ्यांनीं मिळून मला बाहुलें केलेंत. खोटी जत्रा मांडली आणि बाहुल्याला फिरवलें. आतां सांग, तुझी साडी हिरवी म्हणालीस, ती हिरवीच आहे कां? ऊर्मी हसते तेव्हां गालाला खळी पडते म्हणतात, ती पडते कां? कोणावर विश्वास ठेवूं मी?"

त्या संध्याकाळी ऊर्मी दारात आली. "चला, मामा."

"मला यायचें नाहीं. उद्यांही नाहीं."

दार लावलेलं गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं. मुलं येऊन परत जायची. बँकेतून आलेला सेतुमाधव भिंतीकडे तोंड करून रेडिओ ऐकत बसायचा. मुलांना काय, ती पायरीवर बसून भांडायला लागली. पण हा माणूस आतून खचत चालला होता. आयुष्यभर त्यानं एकाच गोष्टीचा तिटकारा केला होता, कीव. ती मागच्या दारानं त्याच्या घरात शिरली होती आणि लाडक्या पोरीच्या आवाजात बोलत होती. आता बाहेर पडायचं तर पुन्हा कुणाच्या तरी शब्दावर पाऊल टाकायला हवं, आणि तेच त्याला जमेना.

शेवटी चारुलता मुलीचा दंड धरून आली. तिला सगळं कळलं होतं. "सेतुमामा, हिनं काय केलं ते आजच समजलं. ऊर्मी, माफी माग. खोटं बोलायला शिकवलंय का आम्ही?"

ऊर्मी रडत होती हे सेतुमाधवला श्वासावरून कळत होतं.

"तुम्ही म्हणाला होता," ती हुंदके देत म्हणाली, "तुम्हांला तेवढंच आठवतं. तलाव, पाणी, दिवे. बाकी काही नाही. मी बघितलं तर नुसता चिखल वाळलेला. मी तसं सांगितलं असतं तर तुमच्याकडचा तलावपण आटला असता ना."

चारुलतानं तिचा दंड सोडला.

सेतुमाधवच्या मनात रागाचा जो गोळा होता तो कुठे विरला त्याचं त्यालाच कळलं नाही. आजवर लोकांनी त्याला रस्ता क्रॉस करून दिला होता, फॉर्म भरले होते, देवळात रांग मोडून पुढे नेलं होतं. त्याच्या आत काय उरलंय याची काळजी कुणी केली नव्हती. नऊ वर्षांची पोर रोज उन्हात उभी राहून त्याच्या एवढ्याशा आठवणीत पाणी ओतत होती! पण म्हणून खोटं ते खरं होत नाही, हेही त्याला पक्कं कळत होतं.

"इकडे ये," तो म्हणाला. "माझा तलाव आटत नाहीं, पापा. तो माझ्याजवळ आहे, तेथें कोणाचा हात पोचत नाहीं. तूं बाहेरचा सांग. चिखल आहे तर चिखल सांग. तूं चुकीचें सांगितलेंस तर मी पडेन ना ग?"

"सांगेन."

"शरी. मग आत्तां एक खरें सांग. न आवडणारें."

ऊर्मीनं नाक पुसलं, त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या शर्टाला पाठीमागे शाईचा मोठा डाग आहे. तुम्ही फिरायला घालता तो हाच शर्ट."

"अय्यो!" कनका ओरडली. "पाठीवरचा डाग कोण बघतो म्हणून नाहीं बोललें! नवा शर्ट घ्या म्हणून सांगितलें होतें कीं नाहीं?"

सेतुमाधव असा खदखदून हसला की पायरीवर बसलेली मुलं आत धावली. हसणं आवरल्यावर त्यानं विचारलं, "तलावाचें फाटक अजून उघडें असतें कां?"

आणि त्या संध्याकाळी सगळी गल्ली निघाली. संकेतचे आईवडील, चारुलता, बँकेतून नुकताच आलेला विद्याधर, कनका, मुलं, सगळे सेतुमामामागून तलावाच्या पायऱ्या उतरून तळाशी गेले. एरवी जिथे माणूस बुडून मेला असता, तिथे लोक चपला हातात घेऊन चालत होते. सेतुमाधवनं अनवाणी पायांनी भेगा चाचपल्या. एका भेगेत त्याचा पंजा गेला. ऊर्मी सांगत होती आणि काही म्हणजे काही वगळत नव्हती. एक चप्पल, डावी. प्लास्टिकच्या पिशव्या. माशाचा सांगाडा. विटांच्या यष्ट्या, आणि चेंडू हरवला म्हणून भांडणारी मुलं, त्यात गुडघ्याला पट्टी बांधलेला एक, म्हणजे भीमसेनमामांचा असणार. मधल्या मंडपाला पाण्याच्या जुन्या रेघा, एकीवर एक.

"या रेघेपर्यंत पाणी असतं," म्हणत तिनं त्याचा हात धरून वर नेला. तो चवड्यांवर उभा राहिला तरी सगळ्यांत वरची रेघ हाताला लागेना. मग विद्याधरनं, त्या सुटाबुटातल्या बँकेच्या अधिकाऱ्यानं, मुलीला खांद्यावर घेतलं आणि तिनं वरून सांगितलं, "इथे, मामा. तुमच्या डोक्याच्या खूप वर."

तळाशी उभा राहून सेतुमाधव मान वर करून डोक्यावरच्या त्या पाण्याकडे पाहत राहिला. त्याच्या आयुष्यात त्यानं पाहिलेला हा दुसरा तलाव.

पुढच्या वर्षी जूनमध्ये विद्याधरची नागपूरला बदली झाली. निघताना ऊर्मी मामाच्या कमरेला मिठी मारून इतकी रडली, की कनकानं पदराला डोळे पुसत दोघांनाही दटावलं. डोळे उसने द्यायला गल्लीत मुलांचा तोटा नव्हता. हाक तशीच जायची, मुलं तशीच धावायची.

त्या वर्षीच्या पावसानं मात्र दोन्ही सालांचं उट्टं काढलं. दिवसचे दिवस कोसळला. रस्ते वाहिले, शाळा बंद, घरात पाणी. एका सकाळी जरा उघडीप पडली तशी संकेत ओरडत आला, "मामा, तलाव भरला!"

"शरी, बघून येऊं," सेतुमाधव म्हणाला, आणि कनकाला घेऊन निघाला. फाटकावरचा माणूस ओळखीचा होता. सेतुमाधव काठी टेकत एक एक पायरी उतरू लागला. मागून कनकानं त्याचा सदरा गच्च धरून ठेवला होता आणि ती देवाधर्माची नावं घेत शिव्या देत होती. गार पाणी पावलांना लागलं. तो थांबला नाही, आणखी उतरला, पाणी गुडघ्यापर्यंत आलं. खाली वाकून त्यानं ओंजळ भरली आणि तोंडावर मारली.

कपडे बदलायला घरी परत जाण्याइतका वेळ नव्हता. तसाच बँकेत जाऊन टेलिफोनच्या बोर्डासमोर बसला. दुपारी नागपूरहून फोन आला.

"मामा, मी ऊर्मी! बाबा म्हणाले, पेपरात आलंय, चेन्नईत पाऊसच पाऊस. तलाव भरला का हो?"

"भरला."

"खरंच? मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?"

"पँट गुडघ्यापर्यंत ओली आहे, पापा. भीमसेनाला विचार. लादी ओली केली म्हणून सकाळपासून ओरडतो आहे."

ती हसली. आता तिच्या मराठीत नागपूरचा जरासा हेल आला होता, तो त्याच्या कानानं लगेच टिपला.

"मग मला सांगा ना तलाव. पहिल्यापासून. आणि मामा, 'छान' चालणार नाही हं."

बोर्डावर दुसऱ्या फोनांची कुरकुर सुरू झाली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सेतुमाधवनं कुणाला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं; त्या दिवशी ठेवलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि पहिल्या बुडालेल्या पायरीपासून तिला तलाव दाखवायला सुरुवात केली.